मॉडेलचा सातबारा : ज्युरीनंतरच्या ढिगासोबत काढलेलं एक वर्ष

मे महिन्यातल्या ज्युरीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी हाउसकीपिंगच्या मावशी पार्किंगच्या शेडमध्ये एक मॉडेल पायाने दाबून मोडत होत्या. अख्खं ते काळ्या पिशवीत मावत नव्हतं. मॉडेल होतं बसथांब्याचं, छपरावरचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या. ते बनवणारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी शेजारीच स्कूटर काढत होती. आदल्या दिवशी याच थांब्याच्या शाश्वत रचनेसाठी तिला चांगले गुण मिळाले होते. तिने विचारलं, "मावशी, हे आता कुठे जाणार?"

"कुठे म्हणजे? कचऱ्यात. तुमचं सामान भंगारवालासुद्धा घेत नाही गं."

दुपारी ती मुलगी माझ्याकडे आली. तिला वाईट वाटलं होतं, पण मॉडेल मोडल्याचं नाही. भंगारवाला घेत नाही, हे तिला नवीन होतं. खरं सांगायचं तर मलाही नवीन होतं. मी पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात प्रॉडक्ट डिझाइनचा स्टुडिओ, म्हणजे वस्तू बनवत शिकायचा वर्ग, शिकवतो. पुढचं वर्षभर आम्ही त्या एका वाक्यामागे गेलो, त्याची ही नोंद.

ढीग कशाचा होता

आमच्याकडे वर्षातून दोनदा ज्युरी होते, डिसेंबरच्या तोंडावर आणि मेमध्ये. विद्यार्थी आपलं काम पॅनेलसमोर मांडतात, आणि काम म्हणजे मुख्यतः मॉडेलं. कच्चं, सुधारलेलं, शेवटचं. शिवाय फ्लेक्सवर छापलेले तक्ते. ज्युरी संपली की थोडी मॉडेलं प्रदर्शनासाठी ठेवली जातात, थोडी मुलं घरी नेतात. हॉस्टेलवरच्या मुलांना तेही जमत नाही, कारण रेल्वेत किंवा एसटीत तीन फुटांचं मॉडेल घेऊन कोण बसणार? उरलेलं सगळं शेडमध्ये येतं.

शाश्वतता हा विषय आम्ही पहिल्या वर्षापासून शिकवतो. व्याख्यानं होतात, वस्तूच्या जीवनचक्राच्या आकृत्या काढल्या जातात. त्या आकृत्याही सनबोर्डवर (मॉडेलांसाठीच्या हलक्या प्लास्टिकच्या फळीवर) चिकटवून भिंतीला लागायच्या आणि आमच्यापैकी कुणाला ते खटकत नव्हतं. ब्रीफ, म्हणजे मुलांनी काय करायचं ते सांगणारा कागद, मी लिहिलेलं होतं. "प्रेझेंटेशन मॉडेल, उत्तम फिनिश अपेक्षित" ही ओळ माझी. त्या ढिगाचा मोठा हिस्सा त्या एका ओळीतून आला होता, हे मला फार उशिरा दिसलं.

कायद्याच्या नजरेतूनही हा ढीग निसटतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं. आमचा ढीग वर्षातून दोनदा होतो, दोन दिवसांत होतो आणि घंटागाडीत जातो. रोजच्या सरासरीत तो दिसतच नाही.

त्या मे महिन्यात सुट्टीला न गेलेल्या नऊ मुलामुलींनी शेडमध्ये ताडपत्री अंथरून तो ढीग वेगळा करायला घेतला. मी त्यांना कसलाही फॉर्म दिला नाही. जे हाताला लागेल त्याला नाव द्या, एवढंच सांगितलं. सनबोर्ड, माउंटबोर्ड (जाड कागदी बोर्ड), फोमबोर्ड, एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी), ॲक्रिलिक, थर्मोकोल, पीयू फोम (घासून आकार देता येणारा कडक फोम), पीओपी, आइसक्रीमच्या काड्या, खोटं गवत, एलईडीच्या वायरी, फ्लेक्स. वजनात एमडीएफ भारी होतं. जागा मात्र सनबोर्ड आणि थर्मोकोलने खाल्ली होती. थर्मोकोलमध्ये आकारमानाने सुमारे ९८ टक्के हवा असते. ते टेम्पोत भरून कुठे न्यायचं म्हणजे हवेचं भाडं भरायचं.

तो बसथांबाही ढिगात होता, मोडलेला. त्याच मुलीने तो सोडवायला घेतला. छप्पर सनबोर्डचं, त्यावर माउंटबोर्ड डबल टेपने चिकटवलेला, कडांना फेविक्विक, सांध्यांत पुट्टी, वरून स्प्रे पेंट. खांब ॲक्रिलिकच्या नळीचे, पण बुडाशी ग्लू गनचा गोळा. कटर, पक्कड आणि हेअर ड्रायर घेऊन ती पाऊण तास बसली. शेवटी हाती आली तांब्याची वीतभर वायर आणि तळाचा पुठ्ठा. बाकी प्रत्येक तुकड्याला दुसऱ्या कशाचा तरी तुकडा चिकटलेला होता. माउंटबोर्ड एरवी रद्दीत गेला असता, पण टेपसोबत त्याचा वरचा थर सोलून निघाला होता. ते तुकडे तिने ताडपत्रीवर ओळीने मांडले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

भवानी पेठेतली दुपार

आम्ही पोत्यात नमुने भरून भवानी पेठेतल्या एका भंगारच्या दुकानात गेलो. कॅम्पसमधून सुका कचरा नेणाऱ्या कचरावेचक ताई सोबत होत्या. दुकान त्यांच्या ओळखीचं.

दुकानदारांनी एकेक तुकडा हातात घेतला. काही वाकवून पाहिले, काही लोखंडी काट्यावर आपटून आवाज ऐकला. पुठ्ठा एका बाजूला. साधा माउंटबोर्ड त्याच्या शेजारी. स्वच्छ ॲक्रिलिक त्यांनी ठेवून घेतलं. सनबोर्ड आला तसा पोत्यात परत टाकला. का, असं विचारलं तर म्हणाले, हे दुसऱ्या मालात गेलं की सगळा माल वाया जातो, पुढचा व्यापारी आमच्यावर डाफरतो.

त्यामागचं रसायनशास्त्र मुलांनी परत आल्यावर वाचून काढलं. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये त्याचे थोडे तुकडे मिसळले तरी वितळवताना सगळी खेप नासते. जाळलं किंवा कापायच्या लेझर मशीनखाली धरलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, फुप्फुसांना घातक आणि मशीनला गंजवणारा. आमच्या वर्कशॉपच्या दारावर "लेझरवर पीव्हीसी चालणार नाही" अशी पाटी वर्षानुवर्षं आहे. ती पाटी मशीन वाचवण्यासाठी होती. त्याच सनबोर्डचा तुकडा एखाद्या माणसाच्या शेकोटीत गेला तर काय होईल, हा प्रश्न त्या दारातून कधी बाहेर आला नव्हता.

येताना बसमध्ये एका विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना बांधली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तो म्हणाला, "सर, नावातच तीन वस्तू आहेत. कागद, काच, पत्रा. ज्याच्यावर त्यांचं घर चालतं त्या वस्तू. आपल्या ढिगात यातलं काय होतं?" कागद होता, पण टेप लावून बिघडवलेला.

मला हा अख्ख्या वर्षातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. टिकाऊपणाबद्दल बोलताना डिझाइनचे विद्यार्थी पृथ्वीबद्दल बोलतात, तापमानवाढीबद्दल बोलतात. आपण चिकटवलेल्या टेपमुळे कुणाची तरी आजची कमाई गेली, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या बाजूला गेला, तिथल्या गावकऱ्यांनी कंटाळून गाड्या अडवल्या, हे मुलांनी बातम्यांत वाचलं होतं. आता त्या गाडीत आपलंही काही होतं, हे कळलं.

सात कप्प्यांचा डबा

जुलैत अभ्यासक्रम सुरू झाला. हाच विषय तिसऱ्या वर्षाचा स्टुडिओ म्हणून घ्यायचं ठरलं. प्रॉडक्ट, ग्राफिक आणि इंटिरिअर या तिन्ही शाखांची मिळून चौदा मुलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक देखणी वस्तू बनवली. सात कप्प्यांचा कचरापेटीचा संच. प्रत्येक कप्प्याला वेगळा रंग, वेगळं चिन्ह, झाकणाला त्या त्या मालाच्या आकाराची फट. मला ती फार आवडली होती. स्टुडिओबाहेर बसवली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले.

तीन आठवड्यांत ती निकामी झाली. मॉडेलं फटीतून आत जात नव्हती, म्हणून डब्यांच्या वर आणि बाजूला ढीग लागला. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता कोणी चिन्हं वाचत नव्हतं. आणि मावशींनी एक दिवस शांतपणे सांगितलं की हे कप्पे खोल आहेत, तळाचं काढायला मला कमरेत वाकावं लागतं, आणि आमच्याकडच्या पिशव्या या मापाच्या नाहीत. त्यांना आम्ही आधी काहीच विचारलं नव्हतं, असं नाही. विचारलं होतं. दोन मुलींनी त्यांची वीस मिनिटं मुलाखत घेतली होती, ती टाइप करून तक्त्यावर लावली होती. सहयोग या शब्दाखाली आपण बहुतेक वेळा एवढंच करतो.

तिथून पुढे आम्ही पद्धत बदलली. दर शुक्रवारच्या आढाव्याला मावशी आणि कचरावेचक ताई बसतील, आणि ते तास त्यांच्या कामाचे धरले जातील. मावशी कंत्राटी आहेत. त्यांच्या सुपरवायझरची परवानगी, ड्यूटीची वेळ, ताईंच्या बुडालेल्या फेरीचा मोबदला, या सगळ्यासाठी मला तीन वेळा ऑफिसात जावं लागलं. यात शिकवण्यासारखं काही दिसत नाही, पण हे झालं नसतं तर शुक्रवारच्या बैठका दोन आठवड्यांत बंद पडल्या असत्या. ज्याचा वेळ फुकट धरला जातो त्याचं मत कोणी गंभीरपणे घेत नाही.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी ताईंनी सॅनिटरी कचऱ्यावरच्या लाल ठिपक्याची गोष्ट सांगितली. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीला उघडून बघावं लागणार नाही. कचरावेचकांच्या संघटनेने पुण्यात ही मोहीम चालवली. ग्राफिकच्या मुलांनी तोवर सात चिन्हांवर महिना घालवला होता. एक ठिपका, जो कोणत्याही घरात, कोणत्याही पेनने काढता येतो आणि हात घालण्याआधी दिसतो. एका मुलीने वहीत फक्त तो ठिपका काढला आणि पान उलटलं.

ढिगाच्या आधीकडे

डब्याचा नाद सुटल्यावर प्रश्न उगमाकडे सरकला. ढीग वेगळा कसा करायचा, याऐवजी तो चिकटतोच का?

याचं उत्तर गणपतीच्या दिवसांत सापडलं. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली. थर्मोकोलची मखरं करणाऱ्यांपुढे मोठी अडचण उभी राहिली आणि बाजारात पुठ्ठ्याची मखरं दिसू लागली. मुलं रविवार पेठेत आणि तुळशीबागेच्या आसपास फिरली, दोन मखरं विकत घेतली आणि स्टुडिओत उभी केली, उलगडली, पुन्हा उभी केली. खाचेत खाच अडकते, घडी पडते, कमान उभी राहते. गोंदाचा थेंब नाही. विसर्जनानंतर सपाट करून माळ्यावर ठेवता येतं. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जे जमत नव्हतं ते बाजारातल्या कारागिरांनी गरजेपोटी सोडवून ठेवलं होतं.

मग खाचांचं वेड लागलं. पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थराच्या नळ्या कोणत्या दिशेला धरायच्या, इथून सुरुवात. उभ्या ठेवल्या तर भार पेलतात, आडव्या ठेवल्या तर मॉडेल वाकतं. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकी कापली तर सैल होते, किंचित कमी ठेवली तर घट्ट बसते. पहिल्या आढाव्याआधी मात्र आठवडाभर पाऊस होता आणि मॉडेलं जमिनीवर ठेवली होती. पुठ्ठ्याने ओल धरली. सकाळी निम्मी मॉडेलं गुडघे टेकल्यासारखी वाकली होती, एकाला बुरशीचे ठिपके. दोन मुलं रडकुंडीला आली. त्यानंतर सगळी मॉडेलं फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.

दुसरं काम स्टोअरशेजारच्या रॅकचं. उरलेले तुकडे तिथे ठेवायचे, ज्याला लागतील त्याने घ्यायचे. कल्पना जुनी आहे आणि बहुतेक ठिकाणी असे रॅक दोन महिन्यांत उकिरडा होतात. स्टोअरच्या काकांनी एक नियम सुचवला : ए-४ कागदापेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, आणि शनिवारी संध्याकाळी जे उरेल ते ते स्वतः काढून टाकणार, रडारड चालणार नाही. रॅक टिकला तो या नियमामुळे.

आणि तिसरं, सर्वांत अवघड काम : गुण. मुलांनी सरळ सांगितलं, सर, फिनिशला गुण आहेत तोवर आम्ही पुट्टी लावणारच. ते बरोबर होतं. विभागाच्या बैठकीत मी ब्रीफमधली माझी ओळ बदलायचा प्रस्ताव ठेवला तेव्हा बराच वाद झाला. सहकाऱ्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. बाहेर नोकरीच्या मुलाखतीत पोर्टफोलिओतल्या फोटोंकडे पाहिलं जातं, आणि कच्च्या पुठ्ठ्याचा फोटो चकचकीत दिसत नाही. यावर एका विद्यार्थिनीने जे मांडलं त्याने बैठकीचा रंग बदलला. ती म्हणाली, फिनिश म्हणजे पैसे. ज्याच्याकडे सनबोर्ड, स्प्रे पेंट आणि बाहेरून लेझर कटिंग करून घ्यायला पैसे असतात त्याचं मॉडेल चकचकीत होतं. मी दोन वर्षं फोमबोर्डाचे तुकडे जोडून काम चालवलं आणि दर वेळी शेऱ्यात "सफाई कमी" वाचलं.

त्या दिवसापर्यंत आम्ही हा विषय पर्यावरणाचा समजत होतो.

शेवटी तडजोड अशी झाली की अधल्यामधल्या आढाव्यांना फक्त कच्चं मॉडेल चालेल, आणि अंतिम ज्युरीत १०० पैकी १५ गुण एका कागदाला. त्या कागदाचं नाव मुलांनीच ठेवलं, मॉडेलचा सातबारा. जमिनीच्या उताऱ्यावर जसं मालक कोण, पीक कोणतं, बोजा किती हे लिहिलेलं असतं, तसं यावर : माल कोणता, कुठून आला, नवा की रॅकवरचा, कशाने जोडला, सोडवायला किती मिनिटं लागतात, आणि सोडवल्यावर प्रत्येक भाग कोण घेणार. शेवटच्या रकान्यात "पुनर्वापर" असं मोघम लिहिलं तर शून्य. दुकान, माणूस किंवा रॅक, यातलं काहीतरी लिहायलाच हवं. बोज्याच्या रकान्यात जे कोणीच घेणार नाही ते लिहायचं.

डिसेंबरची ज्युरी

पॅनेलवर बाहेरचे दोन डिझाइनर, आमच्यातल्या एक प्राध्यापिका आणि कचरावेचक ताई. ताईंनी पहिल्या दोन मॉडेलांच्या वेळी काही विचारलं नाही. तिसरं मॉडेल होतं दवाखान्यातल्या प्रतीक्षाकक्षाच्या बाकाचं. त्यांनी ते उचललं, नखाने एका सांध्यावर टकटक केली, कानाशी नेलं आणि म्हणाल्या, "दादा, हे आत चिकटवलंय." सातबाऱ्यावर लिहिलं होतं "खाच, गोंद नाही." मुलगा लाल झाला. रात्री सांधा हलत होता म्हणून त्याने आत फेविक्विकचा थेंब सोडला होता. बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. त्याचे गुण गेले, पण नंतर तो ताईंशेजारी बसून उरलेल्या मॉडेलांचे सांधे ऐकत राहिला. कोरडा सांधा आणि चिकटलेला सांधा यांचा आवाज वेगळा असतो, हे मीही त्या दिवशी शिकलो.

पॅनेलवरच्या एका डिझाइनरना मॉडेलं कच्ची वाटली आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. काही मॉडेलांबाबत ते बरोबर होते. कच्चं आणि बेफिकीर यांत फरक असतो, आणि दोन-तीन मुलांनी पुठ्ठ्याच्या नावाखाली आळस खपवला होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ढीग होता, पण तो पाहून कुणी थबकावं इतका नाही. पुठ्ठा सपाट करून सुतळीने बांधलेला, ताईंनी तो त्याच दिवशी नेला. बोज्याच्या रकान्यातलं सगळं एका कोपऱ्यात होतं, आणि त्यात सर्वांत जास्त पीयू फोम. हातात धरायच्या वस्तूंचा आकार शोधायला तो लागतोच. तो पटकन घासला जातो, पकड कशी बसते ते लगेच कळतं. मातीत करून पाहिलं, वजन चुकतं. लाकूड फार वेळ खातं. यावर आमच्याकडे उत्तर नाही. एमडीएफचंही नाही. त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, त्याची धूळ श्वासात जाऊ नये आणि तुकडे जळणात जाऊ नयेत, एवढं आम्ही सांभाळतो. ते घेणारा माणूस अजून सापडलेला नाही.

सध्या इंटिरिअरची चार मुलं एका वेगळ्या कामात आहेत. ताईंनी वर्षअखेरीच्या बैठकीत एकच मागणी केली होती : वर्गीकरणासाठी छपराखाली जागा आणि हात धुवायला नळ. मुलांनी उत्साहाने उभं राहून काम करायचं टेबल आखलं, ताईंच्या कोपराची उंची मोजली, पुठ्ठ्यात पूर्ण मापाचं मॉडेल उभं केलं. ताईंनी त्यासमोर पाच मिनिटं काम करून पाहिलं आणि मग जमिनीवर पाट मागवून घेतला. त्या आयुष्यभर बसून निवडत आल्या आहेत. दोन्ही बाजूंना पाय पसरून मधे ढीग घेतला की त्यांचे हात चारही दिशांना पोचतात. आता मुलांनी टेबल सपाट करून रॅकवर ठेवलंय आणि पाटाची उंची, गुडघ्याचा कोन, हात पोचतो ते अंतर, अशी नवी मापं घ्यायला सुरुवात केली आहे. नळाची जोडणी पुढच्या आठवड्यात होणार आहे.